सही करण्याआधी वाचा : समितीवर जाणाऱ्या पालकासाठी एक पाठ



सहावीच्या वर्गावर नागरिकशास्त्राचा ‘शहरी स्थानिक शासन संस्था’ हा पाठ शिकवताना दरवर्षी एक अडचण येते. नगरपंचायत, नगरपरिषद, महानगरपालिका, महापौर, आयुक्त ही नावं मुलं पटापट पाठ करतात. परीक्षेत ‘जोड्या लावा’ बरोबर येतात. पण गेल्या वर्षी एका मुलीनं विचारलं, “बाई, आमच्या गल्लीतला दिवा दोन महिने बंद आहे. आता हे महापौरांना सांगायचं का आयुक्तांना? आणि माझे पप्पा तर दोघांनाही ओळखत नाहीत.”

वर्ग हसला. मी मात्र जरा गप्प झाले. पाठात मतदार होता, नगरसेवक होता, अधिकारी होता. पण निवडून न आलेला, पगारी नोकरही नसलेला साधा माणूस कारभारात कुठून आत शिरतो, ते दार मी मुलांना दाखवलंच नव्हतं.

ते दार आहे. त्याला ‘समिती’ म्हणतात. आजचा पाठ त्या दाराबद्दल आहे. मुलांसाठी आहेच, पण त्याआधी तो आपल्यासाठी आहे, कारण शाळेच्या समितीवर ‘तुमचं नाव घालू का?’ असं विचारल्यावर आपल्यापैकी बहुतेक जण ‘घाला’ म्हणतात आणि पुढे काय करायचं ते कुणालाच ठाऊक नसतं.

पाठाचे उद्देश

१. सल्ला आणि निर्णय यांतला फरक समजून घेणे.
२. आपल्या परिसरात नागरिकांसाठी कायद्यानं कोणत्या जागा ठेवल्या आहेत ते ओळखणे.
३. बैठकीआधी, बैठकीत आणि बैठकीनंतर सदस्यानं काय करायचं ते शिकणे.
४. हेच वर्गात मुलांना करून दाखवणे.

सल्ला म्हणजे काय?

घरातलंच उदाहरण घेऊ. घर रंगवायचं आहे. पैसे वडील देणार, रंग कुठला ते आई ठरवणार. आजी म्हणते, “आधी गळती काढा, मग रंग लावा.” आजीच्या हातात ना पैसे, ना निर्णय. पण आजीनं सांगितल्यावरही गळती तशीच ठेवली आणि पहिल्या पावसात रंग उडाला, तर सगळ्यांना आठवतं, की आजीनं सांगितलं होतं.

सल्लागार समितीचं बळ इतकंच असतं आणि ते कमी नसतं. तिला हुकूम सोडता येत नाही. पण ‘आम्हाला कुणी सांगितलंच नाही’ असं म्हणायची सोय ती बंद करते. अट एकच : सांगितलेलं लिहून ठेवलेलं पाहिजे. आजीचं बोलणं घर लक्षात ठेवतं. कार्यालय फक्त कागद लक्षात ठेवतं.

एक जुनं उदाहरण : महात्मा फुले

जोतीराव फुले १८७६ पासून काही वर्षं पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. ते निवडून आलेले नव्हते, सरकारनं नेमलेले होते. अशा नेमलेल्या माणसानं मान डोलवावी अशीच सरकारची अपेक्षा असणार. १८८० साली व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्याला येणार होते. त्यांच्या स्वागतावर नगरपालिकेनं हजार रुपये खर्च करावेत असा विषय आला. बत्तीस सदस्यांत विरोध करणारे एकटे जोतीराव. हा पैसा गरिबांच्या शिक्षणाला लावा, असं त्यांचं म्हणणं होतं. शहरात मोठ्या खर्चाची मंडई बांधायलाही त्यांनी विरोध केला होता.

दोन्ही वेळा ते हरले. स्वागत झालं, मंडईही बांधली गेली. पण आज, जवळजवळ दीडशे वर्षांनी, आपण त्या बैठकीतलं कुणाचं मत सांगतो आहोत? विरोध नोंदवलेला होता म्हणून तो आपल्यापर्यंत आला. आणि गंमत बघा, रे मार्केट नावाच्या त्याच मंडईला पुढे महात्मा फुले यांचं नाव दिलं गेलं.

मुलांना मी इथे थांबवून विचारते : एकट्याचं मत पडलं, मग त्या मताचा उपयोग काय झाला? उत्तरं फार छान येतात. एक मुलगा म्हणाला होता, “बाई, बाकीच्या एकतीस जणांची नावं कुठं माहीत आहेत आपल्याला?”

आणखी एक गोष्ट आपल्या कोल्हापूरची. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड होता. त्या काळी पालकाला शाळेकडे ओढून आणावं लागत होतं. आज कायदा त्याच पालकाला शाळेच्या समितीत बहुमत देतो. शंभर वर्षांत पालक दंड भरणाऱ्याच्या जागेवरून देखरेख करणाऱ्याच्या जागेवर आला. जागा मिळाली. आपण त्या जागेवर बसतो का, हा आजचा प्रश्न आहे.

आपल्या परिसरात कुठे कुठे जागा आहेत?

राजारामपुरीचंच उदाहरण घेऊ. इथल्या गल्ल्या नंबरानं ओळखल्या जातात, त्यामुळे मुलांना नकाशा काढायलाही सोपं. मेन रोड, जनता बाजार चौक, माउलीचा पुतळा एवढ्या खुणा टाकल्या की प्रत्येक मूल आपलं घर दाखवतं. या नकाशावर आता समित्या टाकू.

*पहिली जागा : शाळा.* इथे आधी एक प्रश्न स्वतःला विचारा : आपलं मूल कुठल्या प्रकारच्या शाळेत आहे? कारण त्यावरून तुमचा अधिकार बदलतो.

महापालिकेची शाळा असेल तर बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार कायदा, २००९ लागू होतो. हा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आहे. त्याच्या कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समिती असायलाच हवी. तिच्यात किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. निम्म्या सदस्य महिला असतात. वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा मिळतात. मुख्याध्यापक सदस्य सचिव असतात, अध्यक्ष मात्र पालकांतून निवडायचा. कामं तीन : शाळेच्या कामकाजावर लक्ष ठेवणं, शाळा विकास आराखडा तयार करून त्याची शिफारस करणं आणि आलेल्या अनुदानाचा वापर नीट होतो का ते बघणं.

अनुदानित खासगी शाळा असेल तरीही समिती असते. पण २०१२ च्या दुरुस्तीनंतर अशा शाळांत तिचं काम फक्त सल्ला देण्याचं आहे. बऱ्याच पालकांना हे माहीत नसतं. मग ते हुकूम सोडायला जातात आणि ‘तुम्हाला अधिकार नाही’ असं ऐकून रागानं घरी येतात. अधिकार सल्ल्याचा आहे हे आधीच माहीत असेल तर माणूस भांडण्याऐवजी सल्ला लेखी देतो.

विनाअनुदानित शाळा असेल तर ही समिती नसते. तिथे पालक-शिक्षक संघ असतो. महाराष्ट्राच्या २०११ च्या शुल्क विनियमन कायद्यानं त्या संघाच्या कार्यकारी समितीला फीच्या प्रस्तावाला मंजुरी द्यायचा अधिकार दिला आहे. तिच्यावर पालक कसे निवडायचे? इच्छुकांच्या नावांच्या चिठ्ठ्या टाकून. म्हणजे ओळखपाळख लागत नाही. आपलं नाव चिठ्ठीत घाला, एवढंच सांगावं लागतं. सांगतो किती जण?

*दुसरी जागा : प्रभाग.* ७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून लागू झाली. तिनं आणलेल्या कलम २४३-एस प्रमाणे तीन लाख किंवा त्याहून जास्त लोकसंख्येच्या शहरात प्रभाग समित्या असायला हव्यात. २०११ च्या जनगणनेत कोल्हापूर शहराची लोकसंख्या ५,४९,२३६ होती, तेव्हा आपण त्यात येतो. महापालिकेची चार विभागीय कार्यालयं आहेत : गांधी मैदान, शिवाजी मार्केट, राजारामपुरी आणि ताराराणी मार्केट. वर्गातल्या त्या मुलीच्या दिव्याची तक्रार पहिल्यांदा याच राजारामपुरीच्या कार्यालयात जायला हवी होती.

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २९-अ प्रमाणे प्रभाग समितीत त्या भागातले नगरसेवक आणि प्रभागाचे अधिकारी असतात. शिवाय त्या भागात समाजकल्याणाचं काम करणाऱ्या संस्थांतून जास्तीत जास्त तीन सदस्य घेता येतात. ते त्याच भागाचे मतदार असले पाहिजेत. पाणी, गटार, स्वच्छता अशा रोजच्या तक्रारी लवकर सोडवणं आणि आपल्या प्रभागातल्या खर्चाच्या अंदाजावर शिफारस करणं हे या समितीचं काम आहे. तुमचं महिला मंडळ, तालीम मंडळ, ज्येष्ठ नागरिक संघ नोंदणीकृत असेल आणि खरोखर काम करत असेल, तर ही वाट त्यांच्यासाठी आहे.

*तिसरी जागा : मेन रोडवरची गाडी.* भाजीवाली मावशी, वडापावची गाडी यांच्यासाठी २०१४ चा पथविक्रेता कायदा आहे. त्याप्रमाणे प्रत्येक शहरात फेरीवाला समिती असते. आयुक्त तिचे अध्यक्ष. किमान चाळीस टक्के सदस्य फेरीवाल्यांनी स्वतः निवडून दिलेले आणि त्यांत एक तृतीयांश महिला. सामाजिक संस्थांसाठी किमान दहा टक्के जागा. आपल्या शाळेतल्या कितीतरी मुलांचे आईवडील गाडी लावतात. त्या मुलांना सांगा, की तुझ्या आईला या समितीवर उभं राहता येतं. मुलाचा चेहरा बघा तेव्हा.

*चौथी जागा : झाड आणि पाणी.* १९७५ च्या झाडांच्या कायद्याप्रमाणे शहरात वृक्ष प्राधिकरण असतं. झाड तोडायची परवानगी मागितली की त्या झाडावर नोटीस लावावी लागते, लोकांना हरकत घेता यावी म्हणून. जैवविविधता कायदा, २००२ प्रमाणे प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि तिनं आपल्या भागातल्या झाडापाखरांची लोकांच्या मदतीनं नोंदवही करायची असते. विज्ञानाच्या शिक्षकांनो, हा तर तयार प्रकल्पच आहे.

शहराबाहेरचं बघायचं तर पुणे महापालिकेनं २००६ पासून नागरिकांकडून आपल्या भागातली कामं सुचवून घेऊन अंदाजपत्रकात धरायची पद्धत सुरू केली. मुंबईत गल्लीगल्लीतल्या रहिवाशांनी कचऱ्यासाठी महापालिकेबरोबर काम करायचं ‘एएलएम’ १९९० च्या दशकाच्या शेवटी सुरू झालं. म्हणजे ही स्वप्नं नाहीत. कुठे चाललं, कुठे थांबलं, पण लोकांनी करून बघितलं आहे.

माझीच एक चूक

आता जरा अवघड भाग. शाळेचं नाव सांगत नाही, कारण चूक शाळेची कमी आणि माझी जास्त होती.

काही वर्षांपूर्वी मी एका शाळेच्या व्यवस्थापन समितीवर शिक्षक प्रतिनिधी होते. बैठक सकाळी अकराला. पालक धावतपळत येत. चहा यायचा, प्रोसिडिंगचं रजिस्टर फिरायचं, सह्या व्हायच्या, पंधरा मिनिटांत सगळे मोकळे. रजिस्टरमध्ये काय लिहिलंय ते कुणी वाचत नव्हतं. मीसुद्धा. तासाला जायची घाई असायची, विश्वासही होता.

एका बैठकीत नवीन सदस्य झालेल्या एका आईपुढे रजिस्टर आलं. त्या लोकांच्या घरी पोळ्या लाटायला जायच्या. त्यांनी पेन हातात घेतलं आणि म्हणाल्या, “जरा वाचून दाखवा की. मला शुद्ध वाचता येत नाही, पण ऐकायला येतंय.”

खोलीत एकदम शांतता. मीच वाचायला घेतलं. तिसऱ्या क्रमांकावर लिहिलं होतं : ‘मुलींच्या स्वच्छतागृहाची पाण्याची सोय पूर्ण झाली असून सर्व सदस्यांनी समाधान व्यक्त केले.’

त्या म्हणाल्या, “कुठं झाली? माझी पोरगी सकाळी घरातनं निघाल्यापास्नं पाणी पीत नाही. बाटली भरून देते, तशीच भरलेली परत आणते. पाणी प्यायलं तर जावं लागतंय, आणि तिथं नळाला पाणी नाही, दाराला कडी नाही. समाधान कुणाचं झालं?”

मी मान खाली घातली. कारण आधीच्या महिन्याच्या पानावरही तेच वाक्य होतं आणि त्याखाली माझी सही होती. मी रोज त्या मुलीला शिकवत होते. तिची बाटली रोज भरलेली राहते हे मला दिसलं नव्हतं. खोटं लिहिणाऱ्यानं एकदा लिहिलं असेल. खरं करून दिलं ते आम्ही सह्या करून.

त्या दिवशी ते वाक्य खोडून दुरुस्त केलं गेलं. ठराव झाला. सूचक त्या स्वतः, अनुमोदक मी. ठरावाची प्रत वर पाठवली आणि पोच घेतली. त्यानंतर दर बैठकीत पहिला विषय तोच : ‘मागील ठरावावर काय झाले?’ पाण्याची टाकी बसायला पाच महिने लागले. कडी तर पुढच्या वर्षी लागली. एका कडीला वर्ष!

पण गोष्ट इथं गोड होऊन संपत नाही. पुढच्या वेळी त्या समितीवर उभ्या राहिल्या नाहीत. मी विचारायला गेले तेव्हा म्हणाल्या, “बाई, अकराच्या मिटिंगला आलं की दोन घरचं काम बुडतंय. दोन घरं सुटली माझी.” बैठकीची वेळ संध्याकाळी सहा ठेवली असती तर ही बाई राहिली असती. हे मला सुचायला हवं होतं. त्यांच्या त्या एका प्रश्नाची किंमत त्यांनी भरली होती, आणि आम्ही सगळे पगारी लोक फुकट शहाणे झालो होतो.

तेव्हापासून मी दोन नियम पाळते. न वाचता सही नाही. आणि बैठकीची वेळ ठरवताना पहिला प्रश्न, ‘कुणाचं काम बुडतंय?’

सदस्यानं काय करायचं?

हे मुद्दाम सोप्या भाषेत देते. पालक सभेत मोठ्यानं वाचून दाखवलंत तरी चालेल.

*बैठकीआधी*

- विषयपत्रिका मागा. ‘आयत्या वेळचे विषय’ एवढंच असेल तर ती विषयपत्रिका नव्हे.
- मागच्या बैठकीचं इतिवृत्त वाचा. वाचता येत नसेल तर मुलाकडून वाचून घ्या. मुलाचंही शिक्षण होतं.
- चार पालकांना विचारा. आपण समितीवर आपल्या एकट्या मुलासाठी नसतो.
- स्वतः जाऊन बघा. पाण्याचा विषय असेल तर नळ उघडून बघा, पोषण आहाराचा असेल तर चव घेऊन बघा.

*बैठकीत*

- एका वेळी एकच मागणी, तीही मोजता येईल अशी. ‘स्वच्छता सुधारा’ यावर कुणीही ‘हो’ म्हणेल. ‘मुलींच्या तीन स्वच्छतागृहांना कड्या आणि नळाला पाणी, दिवाळीच्या सुट्टीआधी’ यावर ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणावंच लागतं.
- माणसावर बोलू नका, कामावर बोला. मुख्याध्यापकांच्याही हातात सगळं नसतं. कित्येकदा त्यांना वर पाठवायला समितीचा ठरावच हवा असतो. तुमचा ठराव म्हणजे त्यांच्या हातातलं हत्यार.
- पटलं नाही तर ‘माझा विरोध नोंदवा’ म्हणा. आवाज चढवायची गरज नाही. ही तीन शब्दांची ताकद मोठी आहे.
- आपला स्वार्थ असेल तर आधी सांगा. तुमच्या भावाचं रंगाचं दुकान असेल आणि शाळा रंगवायचा विषय असेल, तर त्या विषयापुरतं बाजूला बसा. लोकांचा विश्वास एकदा गेला की समिती राहते, मान राहत नाही.

*बैठकीनंतर*

- ठरावाची प्रत मागा. पत्र दिलं तर पोच घ्या, आवक क्रमांक लिहून ठेवा.
- पुढच्या बैठकीत पहिला विषय ‘मागच्या ठरावावरची कार्यवाही’ हा ठेवा.
- काम झालं तर आभाराचं पत्रही द्या. तक्रारीची पत्रं सगळेच देतात, आभाराचं पत्र अधिकारी जपून ठेवतो.
- कागद मिळतच नसेल तर माहितीचा अधिकार कायदा, २००५ आहे. पण तो शेवटचा उपाय ठेवा. आधी प्रेमानं मागून बघा.

अडचणी लपवायच्या नाहीत

पाठ शिकवताना मुलांना फक्त गोड चित्र दाखवलं तर मोठेपणी ती आपल्याला खोटं समजतील. म्हणून हेही सांगू.

कायद्यात असलेली प्रत्येक समिती प्रत्यक्षात भरतेच असं नाही. आपल्याच महापालिकेचं बघा. २०१५ मध्ये निवडून आलेल्या ८१ नगरसेवकांच्या सभागृहाची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली. पुढचं सभागृह निवडून यायला जानेवारी २०२६ उजाडलं. मधली पाच वर्षं कारभार प्रशासकाकडे. नगरसेवकच नाहीत म्हटल्यावर त्यांची प्रभाग समिती कुठून असणार? जी मुलं तेव्हा पहिलीत होती ती सहावीत आली. त्यांना ‘नगरसेवक म्हणजे कोण?’ हे पुस्तकातूनच शिकावं लागलं. अशा काळात शाळेची समिती ही एकच जागा अशी होती, जिथे सामान्य माणूस हक्कानं बसू शकत होता. म्हणून ती जपायची.

दुसरी अडचण नावापुरत्या सदस्यांची. महिलांच्या जागेवर नाव बाईचं आणि बैठकीला नवरा, हे आपण सगळ्यांनी बघितलंय. शिक्षकांनी इथे नम्रपणे पण ठामपणे सांगावं, “दादा, तुमचं स्वागत आहे, पण सही ताईंचीच लागेल, आणि आम्हाला त्यांचंच ऐकायचंय.”

तिसरी अडचण वेळेची. दिवसाच्या मजुरीवरचा माणूस आणि सुट्टी टाकता येणारा माणूस यांना एकाच वेळेला बोलावणं म्हणजे एकाला दार उघडणं आणि दुसऱ्याला बंद करणं. त्याबद्दल वर लिहिलंच आहे.

चौथी अडचण आपल्या मनातली. ‘आपल्याला काय कळतंय त्यातलं?’ पण पोळ्या लाटणाऱ्या त्या बाईंना जे कळलं ते बी.एड. झालेल्या मला कळलं नव्हतं. समितीला तज्ज्ञ लागतोच. पण बाटली भरलेली परत येते, हे बघणारा माणूस त्याच्याआधी लागतो.

वर्गात कसं घ्याल? (तीन तासिका)

*पहिली तासिका : नकाशा.* मुलांनी आपल्या गल्लीचा नकाशा काढायचा. बंद दिवा, तुंबलेलं गटार, मोठं झाड, भाजीची गाडी, खड्डा अशा पाच गोष्टी खुणेनं दाखवायच्या. प्रत्येक खुणेपुढे लिहायचं : हे काम कुणाचं? वॉर्ड ऑफिस, शाळा, फेरीवाला समिती की वृक्ष प्राधिकरण?

*दुसरी तासिका : बैठक.* वर्गातून नऊ मुलं निवडा. चिठ्ठ्या टाकूनच निवडा, हुशार मुलांना वेगळं काढू नका. एक अध्यक्ष, एक सचिव, बाकी सदस्य. विषय एकच आणि खरा असावा, उदाहरणार्थ वर्गातला पंखा किंवा सायकली लावायची जागा. सूचक, अनुमोदक, मतदान आणि विरोधाची नोंद सगळं व्हायला हवं. उरलेली मुलं इतिवृत्त लिहितील. शेवटी पाच इतिवृत्तं वाचून बघा. एकच बैठक आणि पाच वेगळ्या हकिकती! ‘खरं कुठलं?’ यावर जी चर्चा होईल तीच या पाठाचा गाभा.

*तिसरी तासिका : पत्र.* मुलांनी ठरावाचं खरं पत्र लिहायचं आणि मुख्याध्यापकांकडे द्यायचं. पोच घ्यायची. मुख्याध्यापकांना आधी सांगून ठेवा, की उत्तर लेखीच द्या, मग ते नकाराचं असलं तरी चालेल. कारणासहित आलेला लेखी नकार मुलांना पुष्कळ शिकवतो.

स्वाध्याय

१. सल्ला आणि निर्णय यांतला फरक तुमच्या घरातल्या उदाहरणानं सांगा.
२. तुमची शाळा महापालिकेची, अनुदानित की विनाअनुदानित? त्याप्रमाणे पालकांच्या समितीला कोणता अधिकार आहे?
३. ‘शाळेत सुधारणा व्हावी’ ही मागणी मोजता येईल अशा एका वाक्यात लिहा.
४. एकतीस विरुद्ध एक असं मत पडलं तर त्या एकाच्या मताचा उपयोग काय? तुमचं मत लिहा.
५. पालकांसाठी : तुम्ही शेवटची सही कुठल्या कागदावर केलीत? त्यावर काय लिहिलं होतं?

पाचव्या प्रश्नाचं उत्तर मुलांना दाखवायची गरज नाही. स्वतःला द्या.

बंद दिव्याबद्दल विचारणाऱ्या त्या मुलीचं सांगायचं राहिलं. तिनं तिसऱ्या तासिकेत पत्र लिहिलं, वडिलांनी सही केली आणि राजारामपुरीच्या विभागीय कार्यालयात नेऊन दिलं. पोचेची प्रत तिनं वहीत चिकटवली. दिवा लागला का? बारा दिवसांनी लागला. आठवड्याभरात परत गेला. तिनं दुसरं पत्र लिहिलंय, आणि या वेळी मला न विचारता वर स्वतःच लिहिलंय : ‘संदर्भ : आमचे मागील पत्र’.

येत्या पालक सभेत समितीसाठी नावं विचारली जातील तेव्हा हात वर करा. आणि रजिस्टर पुढे आलं की आधी म्हणा, “जरा वाचून दाखवा की.”